साहेब कुठं आहेत?

पिलीवच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला उतरलेल्या एका धनगरवाड्यावर पहाटे लांडगे पडले. एक मेंढी आणि दोन कोकरं गेली. सकाळी नऊच्या सुमारास एक मुलगी स्कूटीवरून तिथं पोहोचली. अंगात खाकी, पाठीला सॅक, उन्हासाठी तोंडाला बांधलेला स्कार्फ. तिनं गाडी हिवराच्या सावलीला लावली, स्कार्फ सोडला आणि विचारलं, "कुठाय मेंढरू?" वाड्यावरचा म्हातारा तिच्याकडं बघतच नव्हता, तिच्या मागच्या रस्त्याकडं बघत होता. धुरळा खाली बसला, दुसरी गाडी काही येईना, तेव्हा त्यानं विचारलं, "बाय, सायेब कुठं हायती?"

"सायेब न्हाईत बाबा. मीच हाय."

मी तिथं दुसऱ्याच कामासाठी गेले होते, पण तासभर तिथंच रेंगाळले. त्या मुलीनं आधी मेंढीच्या गळ्याजवळची लोकर दोन बोटांनी बाजूला सारून सुळ्यांच्या खुणा शोधल्या. भटकी कुत्री कळपात घुसली की समोर येईल त्याला चावत सुटतात, मागच्या पायांचे, शेपटीचे लचके तोडतात. लांडगा सहसा गळा धरतो. मग ती ओढ्यात उतरली. ओल्या मातीत पावलं होती. लांडग्याचं पाऊल कुत्र्याच्या पावलापेक्षा लांबट असतं आणि तो चालतो नाकासमोर. कुत्रं मात्र हुंगत, रेंगाळत, वाकड्या वाटेनं जातं. पावलाशेजारी पट्टी ठेवून तिनं मोबाइलवर फोटो घेतले.

तोवर वाड्यावर पंच जमले होते आणि सगळे एकदम बोलत होते. कुणी पाच लांडगे म्हणत होतं, कुणी सात. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि चुलीपाशी बसलेल्या म्हातारीला विचारलं, "आजे, रात्री जागं कोण हुतं?" जागी म्हातारीच होती. तीन होते, म्हातारीनं सांगितलं. वारं वाड्याकडनं ओढ्याकडं होतं म्हणून कुत्र्यांना वास लागला नाही. कळपाभोवतीच्या वाघरीची एक खुंटी ढिली झाली होती, तिथनं दोन आत शिरले, एक बाहेरच थांबला. स्कूटीच्या सीटवर कागद पसरून लिहिलेल्या त्या पंचनाम्यात आकडा पडला तो तीनच, आणि खाली म्हातारीचा अंगठा.

वनखात्यातल्या स्त्रियांविषयीच्या या लेखसंग्रहाची प्रस्तावना लिहायला घेतली तेव्हा मला वाघ, बंदूक, दुर्बीण यांतलं काहीच आठवलं नाही. आठवला तो हा पंचनामा. कारण माळावरचं वन्यजीव संरक्षण बहुतेक वेळा असंच दिसतं. मेंढपाळाला नुकसानभरपाई मिळायची तर घटना ४८ तासांच्या आत कळवावी लागते, कुणीतरी येऊन पाहावं लागतं, कागद पुढं सरकावा लागतो. बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा सरकारनं ठरवलेली कमाल रक्कम, यांत जे कमी ते मिळतं. रक्कम फार नसते. पण कुणी आलंच नाही, आलं ते तिसऱ्या दिवशी आणि आल्यावर म्हाताऱ्यालाच खोटं पाडून गेलं, तर पुढच्या खेपेला मेलेल्या मेंढीच्या अंगात विष भरलं जातं. मग लांडग्यांचं अख्खं कुटुंब ओढ्याकाठी तोंडाला फेस येऊन पडतं. त्यांच्याबरोबर खोकड, घार, कुत्रं जे खाईल ते. त्या सकाळी त्या मुलीनं मेंढीचा पंचनामा केला, पण जगवला तो लांडगा.

माळशिरसविषयी दोन शब्द आधी सांगायला हवेत, कारण बाहेरच्यांना हा तालुका ठाऊक असतो तो ऊस आणि पालखी या दोनच गोष्टींसाठी. उत्तरेला नीरा नदी, पलीकडं इंदापूर. नीरा उजव्या कालव्याच्या कडेनं अकलूज, माळीनगर, सदाशिवनगर असा हिरवा पट्टा. तिथून दक्षिणेला सरकलं की पाणी संपतं, शंभू महादेवाच्या डोंगरांचे फाटे सुरू होतात आणि उरतो तो माळ. गावाच्या नावातच माळ आहे. व्युत्पत्ती पंडितांवर सोडू. आषाढात माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत इथून जाते, पुरंदावड्याला आणि खुडूसला अश्व रिंगणात धावतात. लाखो माणसं हा मुलूख तुडवून जातात, आणि उजव्या हाताला दिसणारं मोकळं रान म्हणजे नुसतीच ओसाड जागा, असं समजून पुढं जातात.

ओसाड समजण्याचा गुन्हा वारकऱ्यांचा नाही. सरकारी दप्तरातही गवताळ माळ 'पडीक' याच रकान्यात पडत आला. पडीक म्हटलं की दोनच गोष्टी सुचतात, एक तर खड्डे खणून झाडं लावा, नाही तर जमीन कुणाला तरी देऊन टाका. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं जिथं पिढ्यान्‌पिढ्या उगवत आली तिथं ग्लिरिसिडियाच्या रांगा उभ्या राहिल्या. सावली झाली, फोटो छान आले, आणि मोकळ्यावर जगणारे धाविक, चंडोल, चिंकारा यांचं घर गेलं. सोलापूर जिल्ह्यातच नान्नजच्या माळढोकाचं काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे. १९७९ साली जाहीर झालेलं तिथलं माळढोक अभयारण्य कागदावर आठ हजार चौरस किलोमीटरहून मोठं होतं, पुढं ते सव्वा बाराशेच्या आसपास आणलं गेलं. पक्षी मात्र कागदाची वाट बघत थांबला नाही.

आणि लांडगा? देशात तो तीन हजारांच्या आसपास असावा असं अभ्यासक मानतात. २०२२ च्या गणनेत वाघांचा अंदाज ३,६८२ निघाला. म्हणजे लांडगा वाघाहून दुर्मीळ आहे, पण त्याच्यासाठी जिप्सी सुटत नाहीत, रिसॉर्ट उभे राहत नाहीत. वाघ आणि तो कायद्याच्या एकाच अनुसूचीत, पण लोकांच्या मनात तो 'लबाड लांडगा'. अलीकडं नीरेच्या पलीकडच्या काठाला, इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत वनखात्यानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, हे बरं झालं.

इरावती माजगावकर या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्रातल्या जवळजवळ नव्वद हजार चौरस किलोमीटरच्या कोरडवाहू मुलखात बिबट्या, तरस आणि लांडगा कुठं कुठं आहेत, हे त्यात शोधलं होतं. या मुलखातलं अभयारण्यांचं क्षेत्र तीन टक्क्यांहूनही कमी. बाकी सगळी शेतं, गायरानं, माळ, वस्त्या, आणि तरीही हे तिन्ही प्राणी मोठ्या भागात नांदताना आढळले. मला यात महत्त्वाची वाटली ती माहिती गोळा करण्याची रीत. ती वनरक्षकांना भेटून, त्यांना विचारून गोळा केली गेली. एवढ्या विस्तीर्ण भागाची खबर ज्यांच्याजवळ होती ती माणसं खात्याच्या उतरंडीत सगळ्यात खालच्या पायरीवर उभी होती. त्या पायरीवर आज मुली मोठ्या संख्येनं आहेत.

त्या तिथवर कशा आल्या, ते कालव्याच्या रस्त्यावर पहाटे पाचला दिसतं. माळशिरस-अकलूज भागात भरती हा शब्द पूर्वी मुलांच्या तोंडी असायचा. आता पोलीस आणि फॉरेस्ट, दोन्हीसाठी मुली धावतात. राज्याच्या सरळसेवेत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव झाल्या आणि दार उघडलं. उंची किमान १५० सेंटिमीटर, तीन किलोमीटरची धाव, आणि निवड झाल्यावर चार तासांत सोळा किलोमीटर चालण्याची परीक्षा. सासरच्या घरी स्वयंपाक उरकून, लेकराला नणंदेजवळ ठेवून त्या चाचणीची तयारी करणारी बाई मी पाहिली आहे. ती मला म्हणाली, "सोळा किलोमीटर काय घेऊन बसलात, आमची आई डोक्यावर भारा घेऊन त्याहून जास्त चालायची, तिला कुणी मार्क दिले नाहीत." सहा महिन्यांचं प्रशिक्षण, मग हातात एक नियतक्षेत्र. आपण सगळे त्याला 'बीट'च म्हणतो. त्या बिटातल्या वणव्याची जाळरेषा, चोरून तोडलेला खैर, शिकाऱ्यांनी लावलेली वाघूर, विहिरीत पडलेलं तरस, अतिक्रमण करणारा पुढाऱ्याचा पाहुणा, सगळं तिचं.

इथं थोडं कडवट बोलते. या मुलींचं कौतुक करताना आपण ज्या शब्दांच्या आहारी जातो त्यांनी त्यांचं नुकसानच केलं आहे. वाघीण, रणरागिणी, दुर्गेचा अवतार. आठ मार्चला शाल-श्रीफळ देताना हे शब्द उधळले जातात आणि नऊ मार्चला तीच वाघीण फिरतीवर असताना लघवीला कुठं जायचं या विवंचनेत सकाळपासून पाणी पीत नाही. गणवेश पुरुषाच्या मापाचा, बूट दोन नंबर मोठे. राहायला क्वार्टर असलंच तर गावापासून दीड किलोमीटर लांब आणि दाराची कडी मोडलेली. वाघिणीला कडी कशाला लागते, असं कुणाला वाटत असेल तर वाटो.

अवतार म्हटलं की माणूस मरू शकतं हे विसरलं जातं. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्याच्या कोलारा परिक्षेत्रात वनरक्षक स्वाती ढुमणे तीन मजुरांना घेऊन पायी निघाल्या होत्या. राष्ट्रीय व्याघ्रगणनेसाठी पावलं, विष्ठा, ओरखडे टिपायचे होते. पुढं रस्त्यावर वाघीण बसलेली दिसली. त्या थांबल्या, बराच वेळ वाट पाहिली, मग झाडीतून वळसा घालून जायचं ठरवलं. वाघिणीनं गाठलं ते स्वातीताईंना. आपण वर्तमानपत्रात गणनेचा आकडा वाचतो, फटाके वाजवतो. तो ३,६८२ चा आकडा ज्या पायपिटीतून निघाला त्यातली एक पायपीट अशी अर्ध्यावर संपली.

त्याच वर्षी, २५ मार्चला, मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी सरकारी निवासस्थानी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यांनी मागं ठेवलेल्या पत्रात वरिष्ठांकडून होणाऱ्या जाचाची तक्रार होती. धडाडीची अधिकारी म्हणून त्यांचा लौकिक होता, लोक त्यांना 'लेडी सिंघम' म्हणत. असल्या बिरुदांचा उपयोग किती, ते त्या मार्चमध्ये कळलं. या दोन मृत्यूंविषयी न बोलता स्त्रिया आणि वनसंरक्षण यांवर काही लिहिणं मला अप्रामाणिक वाटलं असतं.

आता पुन्हा आपल्या तालुक्यात, उसाकडं. माळशिरसच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात ऊस म्हणजे बिबट्याच्या लेखी दहा-बारा महिने उभं असणारं, पाणी असलेलं, दाट जंगल. जुन्नर-अकोले भागात जे वीस वर्षांपूर्वी घडलं ते भीमा-नीरेच्या खोऱ्यात आता घडू लागलंय. सोलापूर जिल्ह्यातल्याच करमाळा तालुक्यात डिसेंबर २०२० मध्ये बिबट्यानं तिघांचे बळी घेतले. पंधरवडाभर माणसं दार लावून बसली. शेवटी १८ डिसेंबरला अकलूजच्या धवलसिंह मोहिते-पाटलांच्या गोळीनं तो पडला. तो मारला जायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या पंधरवड्यात रात्र-रात्र केळीच्या बागांत पिंजरे लावत, वस्त्यांवर जाऊन लोकांना एकटं बाहेर पडू नका म्हणून विनवत फिरणाऱ्या वन कर्मचाऱ्यांचं एकही नाव आपल्याला आठवत नाही. गोळी लक्षात राहते, विनवणी राहत नाही.

बिबट्याच्या बाबतीत महाराष्ट्राला शहाणं करणारी व्यक्ती एक स्त्रीच आहे. विद्या अत्रेय यांनी जुन्नरच्या हल्ल्यांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं ते उलटंच. गावाजवळ दिसणारा बिबट्या पकडून लांबच्या जंगलात सोडायचा, हा त्या काळचा सर्वमान्य उपाय होता, आणि त्यानंतरच माणसांवरचे हल्ले वाढले होते. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, घराकडं परतू पाहतं, वाटेत माणसांच्या अंगावर येतं. पुढं अकोले तालुक्यात त्यांनी रात्री शेतात कॅमेरे लावले, तर शंभर चौरस किलोमीटरमध्ये जवळपास पाच बिबटे निघाले, आणि गावकरी मात्र निवांत शेतीला पाणी देत होते. त्यांनी गळ्यात पट्टा बांधून सोडलेला एक म्हातारा बिबट्या माळशेजहून चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. 'आजोबा' हे त्याचं नाव आणि त्यावरचा चित्रपट, दोन्ही वाचकांना माहीत असतील.

या ज्ञानाचा खालच्या पायरीवरचा उपयोग कसा होतो ते ऊसतोडीच्या हंगामात पाहावं. फडात कोयता चालू असताना मांजरीएवढे दोन बछडे दिसतात. पूर्वी गर्दी, फोटो, पोत्यात घालून तालुक्याला, आणि रात्री पिसाळलेली आई वस्तीत. आता फोन जातो, वनरक्षक येते, आधी गर्दी हटवते. बछडे तपासून, क्रेटमध्ये घालून, संध्याकाळी सापडले त्याच जागी ठेवले जातात, झाकण सैल. पुण्याच्या नेहा पंचमिया यांच्या रेस्क्यू संस्थेसारख्या संस्थांचे पशुवैद्य अशा वेळी मदतीला असतात. कॅमेरा लावून सगळे लांब जाऊन बसतात. मध्यरात्रीनंतर केव्हातरी मादी येते, तोंडानं झाकण ढकलते, एकेक पिल्लू मानगुटीला धरून नेते. या सगळ्यात अवघड काम जनावराचं नसतं. टोळीच्या मुकादमाला सांगायचं असतं की हा एवढा पट्टा आज तोडू नको, आणि कारखान्याची गाडी रिकामी उभी असते. त्या वेळी टोळीतल्या बायका बोलल्या तरच मुकादम ऐकतो, कारण रात्री त्याच फडाशेजारच्या कोपीत त्यांची लेकरं झोपणार असतात. वनरक्षक बाई असली तर हा संवाद लवकर घडतो. बायका मायाळू असतात म्हणून नव्हे. कोपीच्या दाराशी जाऊन बसायला तिला कुणाची परवानगी लागत नाही, एवढंच.

वन्यजीवांसाठी उभ्या राहिलेल्या स्त्रिया जगभर दिसतात. गुजरातनं गीरच्या जंगलात २००७ पासून मुली घ्यायला सुरुवात केली. तिथल्या रसीला वाढेर यांनी शेकडो सिंह-बिबट्यांची सुटका केली. आसामात पूर्णिमादेवी बर्मन यांनी, अपशकुनी म्हणून हाकलल्या जाणाऱ्या हरगिला पक्ष्यासाठी गावातल्या हजारो बायका उभ्या केल्या. दक्षिण आफ्रिकेत 'ब्लॅक माम्बा' ही स्त्रियांची गस्त-तुकडी २०१३ पासून बंदुकीविना फिरते. आणि आपल्याच देशात, १७३० साली, राजस्थानच्या खेजडलीत अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या. त्यांच्यासह एकूण ३६३ माणसं मेली. ११ सप्टेंबरचा वनशहीद दिन त्यांच्यामुळंच पाळला जातो.

खात्याच्या वरच्या मजल्यावर जायला मात्र वेळ लागला. भारतीय वनसेवेत स्त्रिया पहिल्यांदा आल्या त्या १९८० च्या तुकडीत. महाराष्ट्राच्या वनखात्याच्या प्रमुखपदी पहिल्यांदा स्त्री बसली २०२४ साली, शोमिता बिस्वास. चव्वेचाळीस वर्षं. झाड मोठं व्हायलाही एवढा काळ लागतो, असं कुणी म्हणेल; पण निलगिरी फार लवकर वाढते हेही वनखात्यालाच ठाऊक.

पुढच्या पानांत बोलणाऱ्या स्त्रियांपैकी कुणी वाघाच्या जंगलातली आहे, कुणी खाडीतली, कुणी आमच्यासारख्या माळावरची. सगळ्यांचं लिखाण सारखं नाही. काहींनी डायरीसारखं लिहिलंय, काहींना अहवालाची भाषा सुटत नाही. एकीनं तर आपल्या हकिकतीला परिच्छेद क्रमांक दिले आहेत. संपादकांनी ते तसेच ठेवले, हे मला आवडलं. वाचकानं शौर्यकथा शोधू नयेत. शोधावं ते बारीकसारीक: पाणवठ्यावर टँकर कोणत्या तारखेला आला, कोणत्या शेतकऱ्यानं विहिरीला कठडा बांधला, साक्षीदार कोर्टात का फिरला, रात्री फोन वाजल्यावर नवरा काय म्हणाला.

माळावरच्या त्या म्हातारीकडं मी नंतर एकदा गेले होते. वाडा कोकणाच्या दिशेनं हलायच्या तयारीत होता, घोड्यावर बिऱ्हाड चढत होतं. भरपाई मिळाली का, विचारलं. मिळाली, थोडी उशिरा. लांडगे परत आले का? "येत्यात की. त्यांचा वाटा हाय त्यो." मग वाघरीची गुंडाळी करता करता स्वतःहूनच म्हणाली, "ती पोरगी आली हुती परत. खुंट्या बघून गेली."

शेवटी वाचकांना एक विनंती. तुमच्या उसात बछडे सापडले, विहिरीत तरस पडलं, माळावर कुणी जाळं लावताना दिसलं, तर १९२६ हा वनखात्याचा क्रमांक फिरवा. तो दिवसरात्र चालू असतो. आणि स्कूटीवरून मुलगी आली, तर तिच्या मागच्या रस्त्याकडं बघत बसू नका. काय झालं ते तिला सांगा.